नेटवर्किंगचे शिक्षण : संस्था निवडताना

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळूर येथील माजी विद्यार्थ्यांचा मेळावा कोरमंगला येथे भरला होता. त्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने शाळाच उठून आम्हां बेंगळूरकरांच्या दारी आली, याचा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. मुख्याध्यापकांनी मला निमंत्रण देताना एकच अपेक्षा व्यक्त केली. ते म्हणाले, "आठवणी सगळेच सांगतील. तू मुलांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी बोल." गेली काही वर्षे आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले बारावी किंवा पदवी झाली की नेटवर्किंगचा कोर्स करण्यासाठी या शहरात येतात. संस्था कोणती निवडावी, असे विचारणारे फोन मला येतात. पण त्यांतले बहुतेक फोन पैसे भरून झाल्यावर येतात. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

आज सकाळी आपण ऐंशी फुटी रस्त्याने या सभागृहात आलात. वाटेतल्या विजेच्या खांबांवर आपण दोन प्रकारच्या जाहिराती पाहिल्या असतील. एक राहण्या-जेवणाची सोय सांगणारी आणि दुसरी संगणकाचे शिक्षण व 'हमखास नोकरी' सांगणारी. कोरमंगला हा भाग तरुणांच्या स्वप्नांवर उभा आहे. फ्लिपकार्टसारख्या कंपनीची सुरुवात २००७ साली इथल्याच एका घरातून झाली. अशा गोष्टी ऐकून जो तरुण इथे उतरतो, त्याच्या हाती पहिला कागद पडतो तो बहुधा कुठल्यातरी संस्थेचे माहितीपत्रक असतो.

पालकांसाठी थोडे स्पष्टीकरण करतो. आपल्या गावातील बँकेच्या शाखेतला संगणक शेकडो मैलांवरच्या मुख्य केंद्राशी बोलतो, तेव्हा ते बोलणे तारा, स्विच, राउटर अशा साधनांतून वाट काढत जाते. ही साधने जोडणे, प्रत्येक यंत्राला पत्ता देणे, वाटा आखणे आणि वाट बंद पडली की ती नेमकी कुठे बंद पडली हे शोधणे, याला नेटवर्किंग म्हणतात. जोडणी एकदाच होते. शोधणे मात्र रोजचे असते. रात्री दोन वाजता रुग्णालयाचे किंवा बँकेचे जाळे बंद पडते, तेव्हा कोणीतरी उठून तो बिघाड शोधावा लागतो. पगार मुख्यतः त्या शोधण्याचा मिळतो, हे ध्यानात ठेवावे. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा आधार तोच आहे.

मी २००८ साली बी.एस्सी. होऊन राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने या शहरात आलो. इथून जवळच्या एका संस्थेत मी नाव घातले. तिचे नाव मी सांगणार नाही. पहिल्याच भेटीत तिथल्या बाईंनी मला चहा दिला, भिंतीवरची हसऱ्या मुलांची छायाचित्रे दाखवली आणि सांगितले की शंभर टक्के नोकरी लागते, मात्र सवलतीचा आज शेवटचा दिवस आहे. शुल्क पस्तीस हजार रुपये होते. आईने पाटल्या गहाण ठेवल्या. आमच्या वर्गात चाळीस मुले होती. काचेच्या कपाटात दोन राउटर होते. ते आम्ही पाहिले, त्यांना हात कधी लावला नाही. शिक्षक पडद्यावर आज्ञा लिहीत आणि आम्ही त्या वहीत उतरवून घेत असू. शेवटच्या महिन्यात आम्हांला उत्तरांसह छापलेला प्रश्नसंच मिळाला. बाजारात त्याला 'डंप' म्हणतात. मी चारशेहून अधिक प्रश्न पाठ केले, परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले.

तीन आठवड्यांनी कोरमंगलातच एका लहानशा कंपनीत मुलाखत झाली. समोर बसलेल्या वयस्कर अभियंत्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी एक संगणक माझ्यापुढे सरकवला आणि म्हटले, "हा बाहेरच्या जाळ्याशी बोलत नाही. का, ते सांगा." पडद्यावर तीन ओळी होत्या. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७०, मास्क २५५.२५५.२५५.१९२ आणि बाहेर जाण्याचा दरवाजा, म्हणजे गेटवे, १९२.१६८.१०.१. मी दहा मिनिटे त्या आकड्यांकडे पाहत राहिलो. पाठ केलेल्या चारशे उत्तरांपैकी एकही उत्तर पुढे येईना.

शेवटी त्यांनीच कागद ओढून घेतला. तो मास्क जाळ्याचे चौसष्ट-चौसष्ट पत्त्यांचे तुकडे करतो. पहिला तुकडा ० ते ६३, दुसरा ६४ ते १२७. संगणकाचा ७० हा पत्ता दुसऱ्या तुकड्यात पडतो आणि दरवाजा पहिल्या तुकड्यात आहे. माणूस एका वाड्यात आणि त्याचा दरवाजा दुसऱ्याच वाड्यात; मग तो बाहेर पडणार कसा? हा हिशेब चौथीतल्या मुलालाही समजेल असा होता. मला तो कोणी करायलाच लावला नव्हता.

त्या संध्याकाळी खोलीवर परत जाताना मला नववीचा विज्ञानाचा तास आठवला. आपल्या प्रयोगशाळेत सर प्रत्येक बाकावर एक न पेटणारी विजेरी ठेवत असत. सेल, दिवा, कळ आणि पत्र्याची पट्टी यांपैकी एकच गोष्ट नादुरुस्त असे. एका वेळी एकच भाग बदलायचा, काय झाले ते वहीत लिहायचे आणि मगच पुढे जायचे, असा त्यांचा दंडक होता. सगळे भाग एकदम बदलून विजेरी पेटवणाऱ्याला शून्य गुण मिळत, कारण विजेरी पेटली तरी दोष सापडलेला नसे. बेंगळुरात पस्तीस हजार रुपये देऊन मी जे शिकलो नव्हतो, ते आपल्या शाळेने मला नववीत फुकट शिकवले होते. मीच ते विसरून गेलो होतो.

त्या अभियंत्यांनी मला नोकरी दिली नाही, पण एक पत्ता दिला. बी.टी.एम. लेआउटमध्ये दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शनिवार-रविवार आठ मुलांना शिकवीत असत. एस. पी. रोडवरच्या जुन्या बाजारातून आणलेले राउटर आणि स्विच त्यांच्या दोन खोल्यांत जमिनीवर मांडलेले असत. पहिले दोन रविवार त्यांनी शुल्क घेतले नाही. "तुला जमते का ते तू पाहा, मीही पाहतो," एवढेच म्हणाले. दुपारी ते आम्हांला चहाला पाठवीत आणि आम्ही परत येईपर्यंत जाळ्यात एक बिघाड करून ठेवीत. कधी तार अर्धवट बसवलेली, कधी मास्क चुकलेला, कधी परतीची वाट पुसलेली. खालून वर चढत जायचे, हा त्यांचा नियम होता. आधी तार आणि तिचा दिवा, मग पत्ता, मग दरवाजा, मग पुढची वाट, मग नावांची यादी आणि सर्वांत शेवटी संगणकावरचा प्रोग्राम. सहा महिन्यांत मला रात्रपाळीची नोकरी लागली. आईच्या पाटल्या सोडवायला त्यानंतर दोन वर्षे लागली.

ही हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की, तिच्यातून संस्था पारखण्याची माझी कसोटी तयार झाली. संस्था विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने बिघाड शोधू देते काय? या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर तिची इमारत जुनी असली तरी चालेल. उत्तर 'नाही' असेल, तर काचेची दारे आणि गार हवा यांचा आपल्या मुलाला काडीचा उपयोग नाही. मोठ्या परीक्षा घेणारेही हेच मानतात. सिस्को कंपनीने १९९३ साली सुरू केलेल्या सी.सी.आय.ई. या वरच्या दर्जाच्या परीक्षेच्या आठ तासांच्या प्रात्यक्षिकात उमेदवाराला जाळे उभारावे व दुरुस्तही करावे लागते. त्या परीक्षेची प्रयोगशाळा याच शहरात आहे. पाठांतरावर त्या खोलीत कोणाचाही निभाव लागत नाही.

आता व्यवहारात ही कसोटी कशी लावायची ते सांगतो.

पहिली गोष्ट, वर्गात बसायला मागा. माहिती देणाऱ्या बाईंशी किंवा गृहस्थांशी बोलून परत येऊ नका, कारण शिकवणारे ते नसतात. शिकवणाऱ्या शिक्षकांना भेटा. त्यांनी शेवटचे चालते जाळे केव्हा हाताळले, हे नम्रपणे विचारा. एका राउटरमागे किती विद्यार्थी असतात, वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळा उघडी असते का, मुद्दाम केलेले बिघाड शोधण्याचा सराव आठवड्यातून किती वेळा होतो, हेही विचारा. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याला त्यांचा आनंद होतो.

दुसरी गोष्ट, अभ्यासक्रम ताजा आहे का ते पडताळा. सी.सी.एन.ए. ही या क्षेत्रातली सर्वपरिचित प्रवेशाची परीक्षा. १९९८ साली ती सुरू झाली आणि २४ फेब्रुवारी २०२० रोजी तिचे स्वरूप पार बदलले. पूर्वीच्या अनेक शाखा जाऊन '२००-३०१' या क्रमांकाची एकच परीक्षा आली. तिच्यात बिनतारी जाळी, सुरक्षिततेची मूलतत्त्वे, आय.पी.व्ही.६ आणि स्वयंचलन यांचा समावेश आहे. परीक्षेचे विषय कंपनी स्वतः जाहीर करते. ती यादी छापून घेऊन जा आणि संस्थेच्या अभ्यासक्रमाशी ओळीने ओळ जुळवा. हे प्रमाणपत्र तीन वर्षे वैध असते, हेही लक्षात ठेवा. संस्था स्वतःच्या नावाने देते ते प्रमाणपत्र आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मुलाखतीत दुसऱ्यालाच किंमत असते आणि तेही हातात कसब असेल तरच.

तिसरी गोष्ट 'डंप'विषयी. जी संस्था उत्तरांसह प्रश्नसंच देऊन उत्तीर्ण होण्याची हमी देते, तिच्या पायऱ्या चढू नका. तसे करणे परीक्षेच्या नियमांचा भंग आहे आणि पकडले गेल्यास मिळालेले प्रमाणपत्रही रद्द होऊ शकते. पण त्याहून मोठे नुकसान मी स्वतः भोगले आहे. पाठांतराने आपण स्वतःलाच फसवतो आणि ती फसवणूक पहिल्या रात्रपाळीत किंवा पहिल्या मुलाखतीतच उघडी पडते.

चौथी गोष्ट नोकरीच्या हमीची. कोणीही प्रामाणिक शिक्षक नोकरीची हमी देत नाही, कारण नोकरी त्याच्या हातात नसते. भिंतीवरच्या छायाचित्रांपैकी तीन जणांशी फोनवर बोलायला मागा. त्यांना विचारा, नोकरी कोणती लागली, किती महिन्यांनी लागली आणि कामाचे स्वरूप काय. या क्षेत्रातली पहिली नोकरी बहुधा रात्रपाळीत बसून धोक्याचे इशारे पाहण्याची असते किंवा खांद्यावर तारांचे भेंडोळे घेऊन या कार्यालयातून त्या कार्यालयात जाण्याची असते. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु जो हे आधी सांगत नाही, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, हे आपण ठरवावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यश किंवा नोकरी यांच्या खोट्या हमीला आणि यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्यांच्या लेखी संमतीवाचून वापरण्याला त्यांनी मनाई केली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. तो वहीत लिहून ठेवा.

पाचवी गोष्ट खास पालकांसाठी. पहिल्या भेटीत एक रुपयाही भरू नका. 'आज शेवटचा दिवस' हे वाक्य ऐकले की नमस्कार करून उठा. तो शेवटचा दिवस दर सोमवारी येतो. शुल्क टप्प्याटप्प्याने भरण्याची मुभा मागा, प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि मध्येच शिक्षण सोडल्यास किती पैसे परत मिळतील, हे लेखी घ्या. परीक्षेचे शुल्क त्यात धरले आहे की वेगळे, हेही विचारा. परीक्षेची नोंदणी विद्यार्थी स्वतः पिअर्सन व्ह्यू या अधिकृत परीक्षायंत्रणेकडे करू शकतो. आजकाल 'बिनव्याजी हप्ता' म्हणून एक कागद पुढे केला जातो. तो नीट वाचा. पुष्कळदा ते तिसऱ्याच वित्तसंस्थेचे कर्ज असते. शिकवणी आवडली नाही म्हणून मुलाने वर्ग सोडला, तरी हप्ता थांबत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगितल्यामुळे काही वर्गचालक माझ्यावर रुष्ट होतील. पैसे भरण्याआधी दोन महिने फुकट शिकून पाहा. सिस्को नेटवर्किंग अकॅडमी हा उपक्रम १९९७ पासून चालू आहे. तिचे प्राथमिक पाठ आणि 'पॅकेट ट्रेसर' हे सरावाचे साधन विनामूल्य मिळते. त्यात पडद्यावर राउटर व स्विच मांडता येतात, जोडता येतात आणि मोडताही येतात. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची या विषयावरील व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. आणि स्वयम् या व्यासपीठांवर फुकट ऐकता येतात. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. अभियांत्रिकी किंवा तत्सम पदवीनंतर सी-डॅकची प्रवेश परीक्षा देऊन जाळी व सुरक्षितता यांचा पदविका अभ्यासक्रम करता येतो. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे केंद्र बेंगळुरातही आहे. दोन महिन्यांत हा विषय आवडतो की नाही, हे कळते. न आवडल्यास पस्तीस हजार वाचले. आवडल्यास संस्थेत जाल तेव्हा तुमच्या हाती तुमचे स्वतःचे प्रश्न असतील आणि ज्याच्याजवळ प्रश्न असतात त्याला फसवणे अवघड जाते.

मराठी माध्यमातल्या आपल्या मुलांविषयी बोलल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही. इंग्रजी धड बोलता येत नाही, या संकोचाचा बाजारात फार मोठा भाव आहे. माझ्या वर्गात मी तीन महिने एकही प्रश्न विचारला नाही, कारण वाक्य मनात जुळवेपर्यंत शिक्षक पुढे गेलेले असत. ते दूरसंचारवाले गृहस्थ कन्नड बोलत, मी मोडके कन्नड आणि मोडके इंग्रजी बोलत असे. आमची गाठ पडे ती कागदावरच्या आकड्यांत. पत्त्याचे तुकडे करण्याचा हिशेब मी आजही मनात मराठीतच करतो. इंग्रजी शिकावे लागेल, त्यात सवलत नाही. साधनांच्या पुस्तिका त्याच भाषेत असतात. पण जिथे मोडक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला हसू उमटते, त्या वर्गातून उठून या. जिथे तो प्रश्न शिक्षक फळ्यावर लिहून घेतात, तिथे बसा.

आम्ही येथील माजी विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी करण्याचे ठरवले आहे. आपल्यापैकी कोणीही बेंगळुरातल्या संस्थेत शुल्क भरण्याआधी आम्हांला कळवावे. आमच्यातला एकजण सुटीच्या दिवशी पालकांबरोबर त्या संस्थेत येईल, वर्गात बसेल आणि वर सांगितलेले प्रश्न विचारील. दुसरे असे की, आमच्या कचेऱ्यांतून बाद झालेले दोन राउटर, एक स्विच आणि डझनभर तारा आम्ही रीतसर मागून घेतल्या आहेत. त्या आजच मुख्याध्यापकांबरोबर शाळेच्या प्रयोगशाळेसाठी रवाना होतील.

त्या तारांपैकी एक तार मी मुद्दाम नादुरुस्त ठेवली आहे. ती कोणती, हे मी कोणालाही सांगितलेले नाही. नववीच्या मुलांनी ती शोधावी. मात्र एका वेळी एकच तार बदलून आणि प्रत्येक वेळी काय झाले ते वहीत लिहून. सर आज आपल्यात नाहीत, पण त्यांचा दंडक तेवढा चालू राहावा, ही माझी विनंती आहे.